काका, मी खरंच पुढे होतो का?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी एका बारा वर्षांच्या पोराशी खोटं बोललो. आता ते खोटं होतं की खरं हे माझं मलाच माहीत नाही, आणि सगळी बोंब तिथंच आहे.

झालं असं की मुलाची मॅच होती. पुण्याच्या बाहेरच्या बाजूला, दोन नव्या टॉवरच्या मध्ये अजून बिल्डरची नजर न पडलेलं (किंवा पडून काहीतरी अडकलेलं) एक मुरमाड ग्राउंड आहे, तिथं दर रविवारी अंडर-थर्टीनच्या मॅचेस चालतात. सकाळी फक्की मारून लाइनी आखतात आणि दुसरी मॅच सुरू होईपर्यंत त्यातली अर्धी फक्की पोरांच्या मोज्यांवर गेलेली असते. रेफ्री म्हणजे एफवाय-एसवायला असेल असा एक पोरगा, गळ्यात शिट्टी, एक मोजा वर एक खाली. त्याने पालकांच्या घोळक्याकडे बघून विचारलं, लाइनवर कोण उभं राहणार, दोन्ही टीमचा एकेक माणूस पाहिजे. अशा वेळी सगळ्यांच्याच मोबाइलवर एकदम काहीतरी फार महत्त्वाचं येतं. मी मूळचा कोल्हापूरचा आणि ते मी आल्यागेल्याला सांगत असतो, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर लहानाचा मोठा झालो वगैरे, त्यामुळे बाकीच्या बापांनी मलाच पुढे ढकललं. किटमध्ये खरा फ्लॅग एकच होता, तो समोरच्या टीमच्या पालकांना गेला. मला मिळालं पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला सेलोटेपने चिकटवलेलं लाल फडकं. रेफ्री म्हणाला, काका, बॉल बाहेर गेला की दाखवा, आणि ऑफसाइड बघा, बाकीचं मी बघतो. ‘आणि ऑफसाइड बघा’ हे त्याने अशा सुरात सांगितलं की जणू येताना जरा कोथिंबीर घेऊन या. ऑफसाइड म्हणजे, पास दिला त्या क्षणी गोलकडे पळणारा पोरगा बॉलच्या आणि समोरच्या टीमच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या (शेवटचा बहुतेक गोलकीपरच) पुढे असला तर त्याचा गोल धरत नाहीत.

पहिल्या हाफमध्ये काही झालं नाही. लाइनमनची बाजू बदलत नाही, टीम बदलतात, त्यामुळे दुसऱ्या हाफला माझ्या मुलाच्या टीमचा डिफेन्स माझ्यासमोर आला आणि मुलगा लेफ्ट बॅक असल्यामुळे तो तर माझ्यापासून हाताच्या अंतरावर. आमची टीम एक-शून्यने पुढे. शेवटची पाचेक मिनिटं असतील. पलीकडून कुणीतरी आंधळेपणाने लांब लाथ मारली आणि आमच्या पोरांच्या मागे एक काटकुळा पोरगा सुटला, सात नंबरचा टी-शर्ट त्याला इतका मोठा होता की मागे त्याची गाठ मारलेली. गोलकीपर पुढे आला, ह्याने बाजूने ढकलला बॉल, गोल. हात पसरून तो माझ्याच दिशेने पळत आला, कारण त्याचे आईवडील माझ्या मागे उभे होते, आणि चार पावलांवर आल्यावर त्याला माझा हात दिसला. वर. पाइपला चिकटवलेलं लाल फडकं. त्याचे पसरलेले हात एकदम खाली नाही आले, हळूहळू आले, पंखा बंद केल्यावर पाती थांबतात ना तसे.

रेफ्रीने माझ्याकडे बघितलं, शिट्टी मारली, गोल रद्द. आम्ही जिंकलो.

मॅच संपल्यावर मी गाडीकडे चाललो होतो तर हा पोरगा पाण्याची बाटली घेऊन मागे आला. रडत नव्हता, चिडलेलाही नव्हता. नुसतं विचारलं, काका, मी खरंच पुढे होतो का? आणि मी एक क्षणही न घालवता म्हणालो, होतास. वर पुस्ती जोडली, थोडासाच होतास, पण होतास. तो ‘ओके काका’ म्हणून गेला. मला ते ‘होतास’ इतकं नाही टोचलं जितकं ते ‘थोडासाच’ टोचलं. जे मी बघितलंच नव्हतं त्याचं मी मापही काढून दिलं होतं. कारण खरं सांगायचं तर त्या लाथेच्या वेळी मी दोन पावलं मागे होतो, सँडल मुरमावर घसरत होती, आणि माझे डोळे लाइनीवर नाही तर बॉलवर होते, सगळ्यांचे असतात तसे.

तेव्हापासून मला गल्लीतले निशाणकाका आठवतायत.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून पटत नाही. कुस्तीच्या तालमी आणि त्या तालमींच्या फुटबॉल टीम, पेठेपेठेची भांडणं त्या नव्वद मिनिटांत मिटवायची किंवा वाढवायची. वडील मला न्यायचे. उन्हात तापलेल्या पायरीवर बसलं की चड्डीतून चटका बसायचा, मग पेपर अंगाखाली घ्यायचा, शेंगा, फरसाण, मागच्या माणसाच्या तोंडातली थुंकी मानेवर. त्या सगळ्या गर्दीत गावातला सगळ्यात शिव्या खाणारा माणूस आमच्याच गल्लीत राहायचा. दिवसा पतसंस्थेत कारकून, संध्याकाळी लाइन्समन. 1996 ला फिफाने त्या कामाचं नाव बदलून असिस्टंट रेफ्री म्हणजे सहाय्यक पंच केलं, पण आमच्या पायऱ्यांवर ते कुणाला कळलंही नसावं, आमच्यासाठी ते लाइनमनच, आणि पोरांसाठी निशाणकाका. त्यांचा फ्लॅग काकूंनी शिवलेला होता, लाल आणि पिवळ्या चौकटी, एका कोपऱ्याला ब्लाउजपीसची किनार तशीच राहिलेली. मॅचच्या आदल्या रात्री ते ओट्यावर बसून त्याला इस्त्री करायचे. ज्या माणसाचे स्वतःचे शर्ट कायम चुरगळलेले तो एवढ्याशा फडक्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवतोय हे बघायला मजा यायची.

आणि पहाटे ते गल्लीत आडवे पळायचे. म्हणजे तोंड भिंतीकडे आणि पाय बाजूला, खेकड्यासारखे, दूधवाल्याची सायकल चुकवत गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही पोरं खेकडा खेकडा म्हणून मागे लागायचो. फार नंतर कळलं की ते वेडेपणा नव्हता, ते कामच तसं आहे. लाइनमनला शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या बरोब्बर सरळ रेषेत राहावं लागतं, डिफेंडर एक पाऊल पुढे आला की ह्याने एक पाऊल यायचं, तो मागे पळाला की ह्याने पळायचं, आणि बॉल त्या डिफेंडरच्याही मागे गेला की मग बॉलच्या रेषेत. हे सगळं ग्राउंडकडे छाती ठेवून, कारण पाठ फिरवली की संपलं. माणूस सरळ पळतो तेव्हा मान वळवून आडवं बघतो आणि मान वळवून बघितलेली रेष तिरकी दिसते. काका म्हणायचे, मान नाही वळवायची, आख्खा माणूसच वळवून ठेवायचा.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, काका, तुम्ही एवढ्या जवळनं फुकटात मॅच बघता, भारी वाटत असेल नाही? ते हसले. म्हणाले, “अरे, एक गोल धड बघितला नाही मी अजून. गोल झालेला मला लोकांच्या आवाजानं कळतोय.” मला तेव्हा ते खोटं वाटलं. मग त्यांनी समजावलं. “ऑफसाइड कवा बघायचा? पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागतो तवा. पळणारं पोरगं बॉल घेतंय तवा न्हाई. आता पास देणारा कुठं असतोय, तिकडं चाळीस यार्डांवर. आणि लाइन हिकडं. दोन्हीकडं एका वेळेला बघायला मी काय सरडा हाय? म्हणून डोळं लाइनीवर आणि कान बॉलवर.” लाथेचा आवाज ऐकायचा. थप्प. तो थप्प कानावर आला त्या क्षणी डोळ्यांसमोर जे चित्र आहे तेच खरं, पुढचं सगळं विसरायचं. आणि पायऱ्यांवर लोक जितके जोरात ओरडणार तितका तो थप्प ऐकू येणार नाही, म्हणजे ‘ह्यांना दिसत नाही’ म्हणून आम्ही शिव्या घालायचो आणि आमच्या शिव्यांमुळेच त्यांना ऐकू येत नव्हतं.

आम्ही घालायचोच. खोटं कशाला बोलू, वडील घरी त्यांना अहो-जाहो करायचे, गणपतीत त्यांच्याकडे आरतीला जायचे, आणि स्टेडियमवर त्यांचाच हात वर गेला की उभं राहून म्हणायचे, ए आंधळ्या. संत्र्याच्या साली, पाण्याच्या पिशव्या पडायच्या त्यांच्या आजूबाजूला. रेफ्री मध्ये असतो, पळत असतो, लांब असतो. लाइनमन पायऱ्यांच्या बरोब्बर पुढे, पाठ करून, तासाभरासाठी कुणीतरी आपल्या पुढ्यात बांधून ठेवल्यासारखा. त्यांना मागे वळून बघायची परवानगी नाही. म्हणजे नियमात असं कुठं लिहिलेलं नसेल पण वळले की रेष गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आणायला जाताना ते वडिलांना म्हणायचे, काय, घसा बसला काय काल? वडील म्हणायचे, जरा बसलाय. एवढंच. ते दोघांचं कधी बोलणं झालं नाही त्यावर.

निशाणाची पण भाषा असते हे मला त्यांनीच शिकवलं. बॉल बाहेर गेला की ज्या बाजूचा थ्रो त्या बाजूला तिरकं, कॉर्नर असेल तर आपल्या जवळच्या कॉर्नरच्या काठीकडे खाली, गोलकिक असेल तर गोलपुढच्या छोट्या चौकटीकडे. बदली खेळाडू असेल तर दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं. ऑफसाइडला आधी सरळ वर, रेफ्रीने शिट्टी मारली की मग सांगायचं कुठं, पलीकडच्या अंगाला असेल तर वर तिरकं, मध्ये असेल तर खांद्याच्या रेषेत, आपल्या बाजूला असेल तर खाली. ह्या हातातून त्या हातात घ्यायचं तर कमरेच्या खाली घ्यायचं, नाहीतर लांबून रेफ्रीला वाटतं इशारा केला. पळताना फडफडू द्यायचं नाही. आम्ही त्यांचं निशाण घेऊन गल्लीत नाचवलं की ते ओरडायचे, पतंग उडवतोयस काय रे. आणि मला सगळ्यात आवडायचं ते वेगळंच होतं, गोल खरा असेल तर लाइनमन काही दाखवत नाही, नुसता मधल्या रेषेकडे पळायला लागतो. तो पळाला की गोल. तो जागेवर उभा राहिला की काहीतरी भानगड आहे. आख्खं स्टेडियम नाचत असताना एक माणूस जागचा हललेला नाही हे ज्याला आधी दिसलं त्याच्या पोटात आधी गोळा यायचा.

पण काय बघायचं आणि काय दाखवायचं हे त्याचं काम, ठरवायचं काम त्याचं नाही. सहाय्यक म्हणजे सहाय्यक. त्याने हात वर केला तरी रेफ्री नको म्हणू शकतो, हाताने खाली कर म्हणून खूण करतो आणि खेळ पुढे चालू. आपल्या नाकासमोर झालेला फाऊल रेफ्रीच्या पाठीमागे झाला असेल तर सांगायचा, पण त्याला दिसलाय असं वाटलं तर गप्प बसायचं. पेनल्टीच्या वेळी गोललाइनवर जाऊन उभं राहायचं आणि कीपर आधी सुटतोय का बघायचं. बेंचवरची भांडणं ऐकायची. आणि एवढं करून नाव कुणाचं, रेफ्रीचं. शिवी मात्र दोघांत वाटून.

मी त्या रविवारनंतर जरा ह्यात घुसलो. म्हणजे रात्री जागून यूट्यूब. तर एक मजेदार गोष्ट कळली की आमच्या मुरमाड ग्राउंडवर जे झालं, दोन्ही टीमचा एकेक माणूस, ते काही माणसं कमी म्हणून काढलेला देशी जुगाड नव्हता, सुरुवातच तशी होती. इंग्लंडात आधी रेफ्री आत नसायचाच. प्रत्येक टीमचा एकेक अंपायर असायचा, खेळाडूंनी अपील करायचं, त्या दोघांचं जमलं नाही तर बाहेर बसलेल्या तिसऱ्याला विचारायचं, क्रिकेटसारखं. दोन टीमच्या दोन माणसांचं किती जमत असेल हे आपण सोसायटीच्या मीटिंगवरून समजू शकतो. शेवटी 1891 मध्ये तो तिसरा आत आला, शिट्टी त्याच्याकडे गेली, आणि ते दोन अंपायर लाइनीवर ढकलले गेले, हातात निशाण देऊन. म्हणजे लाइनमन हा मुळात कुणाच्या तरी बाजूचाच माणूस. तटस्थपणा नंतर आला.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि पाणी पिऊन आलो.

जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध लाइनमनची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, फक्त नाव माहीत नसतं. 1966 ची वर्ल्ड कप फायनल, वेम्बली, इंग्लंड-जर्मनी दोन-दोन, एक्स्ट्रा टाइम. इंग्लंडच्या हर्स्टचा शॉट आडव्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. रेफ्री स्वित्झर्लंडचा डिन्स्ट, त्याला दिसलं नाही, तो पळत लाइनमनकडे गेला. तोफिक बहरामोव. इंग्लिश लोक त्याला आजही रशियन लाइनमन म्हणतात, होता बिचारा अझरबैजानचा. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. ते व्हिडिओत बघा कधी, डिन्स्ट काहीतरी विचारतो, हा मान हलवतो, हात मधल्या रेषेकडे, झालं, गोल. बॉल पूर्ण लाइनीपलीकडे गेला नव्हता असंच पुढे बहुतेकांचं मत पडलं. पण बाकूमधल्या मोठ्या स्टेडियमला त्याचं नाव दिलंय. मला त्यातलं आश्चर्य चूक की बरोबर ह्याचं नाही, ती मान किती ठाम हलली ह्याचं आहे. हजारो लोक, राणी बसलेली, आणि तो असं नाही म्हणाला की मला नीट दिसलं नाही. मला तर समोर पाण्याची बाटली घेतलेला एकच पोरगा होता.

आणि 44 वर्षांनी त्याच दोन देशांच्या मॅचमध्ये उलटं झालं. 2010, दक्षिण आफ्रिका, इंग्लंडच्या लॅम्पार्डचा शॉट दांड्याला लागून गोलच्या आत चांगला हातभर पडला, घरी टीव्हीसमोर बसलेल्या आमच्या आईला पण दिसला, आणि उरुग्वेच्या लाइनमनला नाही दिसला. तेव्हा मी पण त्याला पुष्कळ बोललो होतो. आता कळतं की तो जिथं असायला पाहिजे तिथंच होता, शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेत. शॉट लांबून आला, माणूस बॉलच्या आधी गोललाइनवर कसा पोचणार. त्याच दिवशी दुसऱ्या मॅचमध्ये अर्जेंटिनाच्या तेवेझचा गोल चक्क ऑफसाइड होता, स्टेडियमच्या पडद्यावर रिप्ले लागला, सगळ्यांनी बघितलं, पंचांनी पण बघितलं असणार, पण पडद्यावर बघून निर्णय फिरवायची तेव्हा सोय नव्हती. त्या इटालियन पंचांचे त्या वेळचे चेहरे मी परवा पुन्हा पुन्हा पॉज करून बघितले. चूक झालीय हे कळलेलं आहे आणि हात वर न्यायचा नाहीये. माझा हात वर होता आणि खाली घ्यायचा नव्हता, एवढाच फरक.

पोरांना एक सांगायला मला आवडतं. आपला देश पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये कधी खेळला नाही, पण आपला माणूस तिथल्या ग्राउंडवर होता, 2002 ला जपान-कोरियात, तमिळनाडूचे कोमलेश्वरन शंकर. हातात निशाण घेऊन. आपल्या शेजारच्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस फिफाच्या यादीत गेल्या त्या पण सहाय्यक पंच म्हणूनच. आणि 2022 ला कतारमध्ये कोस्टारिका-जर्मनी मॅचला पहिल्यांदा तिन्ही बायका होत्या, मध्ये फ्रान्सची फ्रापार आणि दोन्ही लाइनींवर ब्राझीलची नेउझा बाक आणि मेक्सिकोची कारेन दियाझ. बातम्यांमध्ये सगळीकडे फ्रापारचंच नाव. पोरांना ह्यात काडीचा इंटरेस्ट नसतो, ते म्हणतात काका मेस्सीचं सांगा.

त्याच कतारमध्ये काकांचा कान मशीनमध्ये गेला. खरंच. छताखाली 12 कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपणार, आणि बॉलच्या आत एक सेन्सर जो सेकंदाला 500 वेळा सांगणार की लाथ नेमकी कधी बसली. तो थप्प. जो निशाणकाका हलगीच्या, शिट्ट्यांच्या आणि आमच्या बापांच्या आवाजातून कानाने शोधायचे तो आता बॉल स्वतःच सांगतो. सौदीविरुद्ध पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड गेले ते आठवतंय ना, त्यातला एक तर मार्टिनेझच्या खांद्याएवढा. मला तेव्हा ते फार कोरडं वाटलं होतं, खांद्यासाठी कुणी गोल रद्द करतं का. आता वाटतं की निदान त्या मशीनला कुणी पोरगा विचारायला आला तर त्याला खांदा दाखवता तरी येईल.

माणसाचं असं आहे की डोळ्यांनाच ते जमत नाही. बॉलवरून नजर उचलून लाइनीवर आणायला डोळ्याला सेकंदाचा दहावा भाग तरी जातोच. तेवढ्यात सुटलेला पोरगा पुढे पळतोय, डिफेंडर उलट दिशेने बाहेर येतोय, मोठ्या माणसांच्या खेळात दोघांच्या मध्ये एक मीटर उघडलेला असतो. म्हणजे लाथेच्या वेळी जो बरोबरीत होता तो नजर पोचेपर्यंत पुढे दिसतो. आणि 1990 पासून बरोबरीतला ऑफसाइड नाही. वर लाइनमनच दोन पावलं चुकीच्या जागी असेल तर काय दिसतं ह्याचा अभ्यास 2000 साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी केला होता. त्यांचं म्हणणं साधंच, चुका बेइमानीने होत नाहीत, कोनाने होतात. तिरक्या कोनातून बघितलं की एका अंगाचा खेळाडू पुढे भासतो, दुसऱ्या अंगाचा मागे. मी हे स्वयंपाकघरात दोन मिठाच्या डब्या आणि एक लिंबू ठेवून स्वतःला समजावलं. बायको म्हणाली, लिंबू कोण आहे? म्हटलं, मी.

तर कोन. मला फार बरं वाटलं ते वाचून. म्हणजे मी खोटारडा नाही, माझा कोन चुकला. सँडल घसरली, कोन चुकला, माणूस आहे. दोन-तीन दिवस मी त्या कोनावर शांत झोपलो.

मग गुरुवारी रात्री टूर्नामेंटच्या ग्रुपवर त्या सात नंबरवाल्याच्या वडिलांनी क्लिपा टाकल्या. तक्रार म्हणून नाही हो, सगळ्या मॅचच्या टाकल्या, ‘सुंदर आठवणी’ असं वर लिहून. त्यात ती होती. 19 सेकंदांची. उघडायच्या आधी मी गॅलरीत गेलो, मागे दार लावलं.

त्यात काहीच दिसत नाही. बापाने शूट केलंय, बाप पोराकडेच बघणार. लाथ बसते तेव्हा फ्रेममध्ये फक्त तो पोरगा आहे, गाठ मारलेला टी-शर्ट, आमचे डिफेंडर कुठेच नाहीत, रेष कुठेच नाही. पुढे होता, मागे होता, बरोबरीत होता, काही कळायला मार्ग नाही. मी सुटकेचा श्वास टाकला, हे लिहायला लाज वाटते पण टाकला. आणि मग हेडफोन लावून परत बघितली, का कोण जाणे, कदाचित काकांच्या त्या थप्पसाठी. थप्प ऐकू येतो, चांगला स्वच्छ. त्यानंतर पावलं. मग एक आवाज येतो, बारीक, फुटायला लागलेला, मला झोपेतून उठवलं तरी ओळखू येईल असा. “बाबा, ऑफसाइड!” आणि त्यानंतर, फ्रेमच्या उजव्या कडेला, लाल फडकं वर जातं.

आवाज आधी. फडकं नंतर. मी अकरा वेळा बघितलं.

मला तो आवाज ऐकल्याचं अजिबात आठवत नाही. शपथेवर सांगतो. माझ्या आठवणीत मी विचार केला, बघितलं आणि हात वर केला, त्या क्रमाने. आत येऊन मुलाला विचारलं, तर तो वहीतून मान वर न करता म्हणाला, मी दरवेळी ओरडतो, कोच सांगतात, हात वर करायचा आणि ओरडायचं. म्हटलं, पण बाबा म्हणून? तो म्हणाला, मग काय म्हणणार, तुम्हीच होता ना तिथं.

सात नंबरवाल्याच्या वडिलांना मेसेज लिहायला मला अर्धा तास लागला. लिहिलं, पुसलं. त्यात आधी कोन आला, मग नेदरलँड्स आलं, मग सॉरी आलं, सगळं पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं की तुमच्या मुलाला सांगा, त्या गोलाच्या वेळी काकांनी नीट बघितलं नव्हतं, होतास म्हणाले ते उगाच म्हणाले. दोन निळ्या खुणा झाल्या. बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं, मला वाटलं आता मोठं काहीतरी येतंय. आलं ते असं, “अहो चालायचंच हो, सांगतो त्याला. बरं रविवारी येताय ना? लाइनला माणूस कमी आहे.”

बायकोकडे जुन्या साडीचा पिवळा तुकडा निघाला, लाल मिळाला नाही. शिवून देते म्हणाली, इस्त्री तुझी तू कर. मुलाला मात्र मी स्पष्ट सांगून ठेवलंय की ग्राउंडवर मला बाबा म्हणायचं नाही. त्याने जरा विचार केला आणि विचारलं, मग काय म्हणू, लाइनमन?